बैल वापस काहून आले?

ता. घाटंजी, जि. यवतमाळ
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

उत्तराला उशीर झाला, शिव्या देऊ नको. दिवसा कापूस वेचणी आणि रात्री नवीन नाद, व्हिडिओ एडिटिंगचा. पोळ्याचं मोबाईलवर शूटिंग केलं होतं ना, तेच जोडत बसलोय. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती टाकली आहे. जुना लॅपटॉप म्हशीसारखा धापा टाकतो.

पहिल्याच रात्री घाम फुटला. पेनड्राइव्ह काढला आणि सगळे शॉट लाल, 'मीडिया ऑफलाइन'! नंतर समजलं, सॉफ्टवेअर व्हिडिओ आत घेतच नाही, तो कुठे ठेवलाय एवढंच लक्षात ठेवतं. आता आधी सगळं एका फोल्डरमध्ये, मग कापाकापी.

जोडलेलं आबाजींना दाखवलं. ते म्हणाले, "जोडी तोरणाकडे निघाली होती नं? मंग वापस काहून आली?" अबे, खरंच! मी अर्धं शूटिंग रस्त्याच्या या अंगाने केलं, अर्धं मारुतीच्या पारावरून. एका शॉटमध्ये बैल डावीकडून उजवीकडे, पुढच्यात उलटे. चालण्याची जी रेषा असते, तिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा. याला १८० अंशांचा नियम म्हणतात, हे मला नंतर कळलं. मग मधे बैल सरळ कॅमेऱ्यावर चालून येतो तो शॉट टाकला. आता आबाजी गप्प.

सगळ्यात मजा आवाजाची. खांदमळणीच्या रात्रीचा गोठा आहे. आधी फक्त अंधारं दार आणि घुंगरमाळेची छुमछुम, बैल नंतर दिसतो. आवाज चित्राच्या आधी सुरू होतो म्हणून टाइमलाइनवर, म्हणजे शॉट ओळीनं मांडतात त्या पट्टीवर, इंग्रजी जे अक्षरासारखा आकार दिसतो; त्यावरूनच नाव पडलं जे-कट. तेवढ्यानं अंगावर काटा येतो, बाप्पा!

पण एक गोष्ट मनातून जात नाही. रशियात कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकानं नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाटीला जोडला, कधी शवपेटीला, आणि बघणाऱ्यांना दर वेळी वेगळा अभिनय दिसला असं सांगतात. मीही करून पाहिलं. ओट्यावर बसलेल्या आबाजींचा एक शॉट होता. एकदा त्याच्या आधी लाकडी बैल ओढणारं पोरगं लावलं, तर आबाजी कौतुकानं बघताहेत असं वाटलं. मग पोरगं काढून आपल्या गोठ्यातला रिकामा खुंटा लावला. एक बैल यंदा विकला, तुला माहीतच आहे. आईनं ते पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. "तेव्हापासून असेच बसून राह्यतात," म्हणाली.

खरं सांगू? त्या वेळी आबाजी चुन्याची डबी शोधत होते.

मी तो जोड काढला नाही, आणि आईला सांगितलंही नाही. आबाजींना मात्र हा भाग अजून दाखवला नाही. दिवाळीला येशील तेव्हा तूच लाव, मी बाजूला बसतो.

तुझाच,
बैल उलटे फिरवणारा