थायरॉइडची गोळी एकटीच घ्यावी

महोदय,

हिमोग्लोबिन कमी, हाडे दुखतात, केस गळतात. थायरॉइड मंदावलेल्या बायकांच्या या नेहमीच्या तक्रारी, आणि तिन्हींवरच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. मग सकाळी थायरॉइडच्या गोळीसोबत त्याही तळहातावर येतात आणि एका घोटात पोटात जातात. घोळ होतो तो इथे.

थायरॉइडच्या गोळीतले औषध म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते. २५, ५०, १०० अशी. कॅल्शियमच्या नेहमीच्या गोळीत कॅल्शियम कार्बोनेट असते १२५० मिलिग्रॅम. म्हणजे ५० मायक्रोग्रॅमच्या औषधासमोर पंचवीस हजार पट वजन. कॅल्शियम आणि लोह दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला चिकटून बसतात आणि अडकलेले औषध रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. गोळी एकदाही चुकलेली नसते, तरी रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की वाढणारा आकडा) वाढलेला येतो. डॉक्टर ५०ची ७५ करतात. दोन महिन्यांनी कॅल्शियमचा कोर्स संपतो, औषध पूर्ण अंगी लागू लागते आणि आता डोस जास्त होतो: धडधड, हात थरथरणे, वयस्कांत हृदयाचे ठोके अनियमित होणे. डोस असाच जास्त राहिला तर हाडेही झिजतात, ज्यांच्यासाठी कॅल्शियम सुरू केले होते तीच.

उठल्यावर थायरॉइडची गोळी फक्त पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम, लोह, मल्टिव्हिटॅमिन आणि अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध किमान चार तासांनी. ड जीवनसत्त्वाची (डी-३) आठवड्याची पुडी त्रास देत नाही, पण ती दुधातून घ्यायची असेल तर दुपारीच घ्यावी, कारण दुधातही कॅल्शियम आहे. सकाळी जमतच नसेल तर जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना गोळी चालते. पण मग रात्रीचे कॅल्शियम दुपारी हलवावे लागते, आणि बदल डॉक्टरांना सांगूनच करावा.

खरी कसरत गरोदर बाईची. सरकारी दवाखान्यातून तिला चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या दोन मिळतात. लोह आणि कॅल्शियम एकमेकांसोबतही चालत नाहीत, त्यांच्यात दोन तासांचे अंतर हवे. त्यात थायरॉइड असेल, तर या दिवसांत औषधाची गरज एरवीपेक्षा वाढलेली असते. सकाळी सहाला थायरॉइड, दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, संध्याकाळी पाचला लिंबूपाण्याबरोबर लोह (चहाबरोबर नाही), रात्री जेवणानंतर दुसरे कॅल्शियम, एवढे कागदावर लिहून दिले तर जमते. तोंडी सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत विसरते.

केसांच्या गोळीची तऱ्हा निराळी. तिच्यातले बायोटिन औषधाला हात लावत नाही, तपासणीच बिघडवते. अंगाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरते. या गोळ्यांत ५ किंवा १० मिलिग्रॅम सर्रास असते. अनेक यंत्रांवरच्या चाचणीची रचनाच बायोटिन आणि त्याला चिकटणारे प्रथिन या जोडीवर उभी आहे. रक्तात ते फार असले की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ (थायरॉइडचे संप्रेरक) खोटा जास्त दिसतो. मग बरोबर चाललेला डोस उगाच कमी होतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ही गोळी बंद ठेवावी.

अश्वगंधा वनस्पती आहे म्हणून तिला कोणी मोजत नाही. पण तिने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते, तेव्हा डॉक्टरांना तेही सांगायला हवे. ‘आणखी काही औषध चालू आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ असेच उत्तर येते, कारण ‘सप्लिमेंट’ला लोक औषध मानत नाहीत. पाकीटच सोबत नेलेले बरे.

आजवर गोळ्या एकत्र घेतल्या असतील तर अंतर आजपासून ठेवावे, पण डॉक्टरांना कळवूनच. कारण तोच डोस आता जास्त ठरू शकतो. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पाहावा, त्याआधीचा आकडा फसवतो.

औषध दुकानदारांनी थायरॉइडची बाटली देताना तिच्यावर ‘कॅल्शियम, लोह चार तासांनी’ एवढी चिठ्ठी चिकटवावी. आणि लॅबच्या फॉर्मवर उपाशीपोटी आहात का, याच्या खाली आणखी एक ओळ असावी: केसांची गोळी शेवटची कधी घेतली?

– एक फार्मासिस्ट, सातारा