न पाहिलेल्या गाडीची बोली

सोलापूर

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली ऑनलाइन लिलावाची लिंक उघडली. फोटो सगळे पाहिले, मोठे करून करून पाहिले. गाडी देखणी आहे, यात वाद नाही. १९८३ ची पद्मिनी, फिकट निळी, क्रोम चकचकीत, हँडगिअर (स्टिअरिंगपाशी हाताने टाकायचा गिअर), आणि खाली लाल आकड्यांत उलटी मोजत चाललेली वेळ. तुझी आई म्हणाली, "घेऊ द्या की, पोरगं कमावतंय." पैसा तुझा आहे, मी कोण अडवणारा? आणि पद्मिनीच का, हे तर मी विचारणारच नाही. वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात जन्मले, आणि १९४४ साली त्यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनली. सोलापूरकराचा जीव तिच्यावर जरा जास्त असायचाच. पण गाडी मंगळूरला, तू पुण्यात, आणि बोली रविवारी रात्री. तिथे माझं घोडं अडलंय.

माझी नोकरी मार्केट यार्डात अडत्याच्या पेढीवर गेली, तेव्हा लिलावाला मी नावं ठेवणार नाही. कांद्याचा लिलाव तू लहानपणी माझ्याबरोबर येऊन पाहिलायस. पिशवी फोडून माल खाली ओततात. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळाचा कांदा वर काढतो, दाबतो, हुंगतो, मग भाव बोलतो. घाई तिथेही असते, आरडाओरडा तर विचारू नको. पण माल डोळ्यांसमोर असतो. तुझ्या मोबाइलवरच्या लिलावाने घाई तेवढी उचलली आणि ढीग विकणाऱ्याच्या घरी ठेवला.

त्यांच्या अटी वाचल्यास का? मी वाचल्या. 'गाडी जशी आहे, जिथे आहे, तशी' असं पहिल्याच पानावर आहे. म्हणजे ट्रेलरवरून उतरल्यावर खालून काहीही निघालं तरी तक्रारीला जागा नाही. शिवाय जिंकणाऱ्याने बोलीवर टक्केवारी द्यायची. आपल्याकडे २०१६ पासून फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतात, तसंच हे. समजा बोली २ लाखांवर थांबली आणि टक्केवारी ५ असली, तर १०,००० तिथेच गेले. ट्रेलरचं भाडं, इथला कर, एजंट हे वेगळं. बोली लावताना माणूस फक्त बोलीचा आकडा बघतो.

चुरशीचंही तेच. यार्डात दोन व्यापारी हट्टाला पेटले की भाव कुठल्या कुठे जातो, पण समोर कोण उभा आहे ते दिसतं. इथे 'क्लासिक_७७' नावाने बोली चढवणारा खरा गिऱ्हाईक आहे की विकणाऱ्याचाच मेव्हणा, तुला काय कळणार? विकणाऱ्याने खोटी बोली लावून भाव चढवला, तर खरेदीदाराला व्यवहार मोडता येतो, असं १९३० च्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमात लिहिलंय. पण ते सिद्ध करायला पडद्यामागचा माणूस सापडायला हवा. गंमत बघ, सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबरही १९३० च आहे. तो पाठ असू दे, कारण अशा साइटची हुबेहूब नक्कल करून अनामत गिळणारेही असतात.

आता गाडीकडे येतो. आपला मिस्त्री परवा फोटो पाहून म्हणाला, "साहेब, रंगाचे फोटो आहेत, गाडीचा एकपण नाही." बरोबर बोलला. वरून, समोरून, कोनातून, सगळं चमकतंय, खालून एकही फोटो नाही. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. तिला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. त्यामुळे तळाचा पत्रा सडला तर नुसती शोभा जात नाही, गाडीचा कणा जातो. आणि ही उभी आहे कुठे, तर मंगळूरला. समुद्राची खारी हवा आणि आपल्या कितीतरी पट पाऊस. सोलापूरच्या उन्हात रबर, बीडिंग तडकतं, डॅशबोर्ड फाटतो, पण पत्रा टिकतो. तिकडे उलटं.

गंज नेमका कॅमेरा न जाणाऱ्या जागी बसतो: पायाखालच्या मॅटखाली, दाराच्या उंबऱ्यात, जॅक लावायच्या जागी, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात, बॅटरीच्या ट्रेखाली. वरून लांबी (पुट्टी) भरून घासून रंग मारला की फोटोत सगळं सपाट. मिस्त्री खिशात लोहचुंबक ठेवतो. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर लांबी. हे काम पुण्यात बसून होत नाही. दाराच्या बिजागऱ्यांत मूळ रंगही राहून जातो, तोही बघायचा. आत हिरवा आणि बाहेर निळा निघाला तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कोणता रंग लिहिलाय ते विचारायचं.

इंजिनाची मला तेवढी भीती नाही. १०८९ सीसीचं साधं इंजिन, बोअर-पिस्टनचं काम आजही होतं. पण व्हिडिओ बघ, तो सुरू होतो तेव्हाच इंजिन चालू आहे. रात्रभर थंड पडलेली गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते आणि निळा धूर मारते का, हे त्यांनी दाखवलेलंच नाही. इंजिन धुऊन लख्ख केलंय, म्हणजे ऑइल कुठून गळतं ते दिसायला नको. सुटे भाग मात्र महाग पडतील. उत्पादन थांबून पाव शतक होत आलं. काचा, टेललॅम्प, क्रोमच्या पट्ट्या भंगारातूनच शोधाव्या लागतात.

सगळ्यांत मोठी भीती कागदांची. पत्रा बदलता येतो, कागद बदलता येत नाहीत. जाहिरातीत 'व्हिंटेज' लिहिलंय, त्याला भुलू नकोस. २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज. तिची नवी नोंदणी २०,००० रुपयांना होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आणि तीसुद्धा रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. १९८३ ची गाडी त्यात बसतच नाही. तिला साधाच नियम, म्हणजे पहिली १५ वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग, आरटीओत गाडी दाखवून नोंदणी वाढवून घ्यायची. मध्ये कुठे चुकलं असेल तर दंड चढत राहतो, आणि तो नव्या मालकाच्या गळ्यात पडतो.

मी गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपवर टाकून पाहिला, काही निघालं नाही. म्हणजे चोरीचीच असं नाही, जुन्या नोंदी सगळ्या संगणकावर चढलेल्या नसतात. पण तिकडच्या आरटीओत जाऊन नोंद चढवून घेणं हे विकणाऱ्याचं काम, तुझं नाही. त्यात तो लिहितो 'आजोबांची गाडी'. आजोबा हयात आहेत का? नसतील आणि आरसी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यानंतर तुझ्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आणि कर्नाटकातून बाहेर काढायला फॉर्म २८ ची एनओसी. इकडे आरटीओत चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, मागतील. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर तुझी दोन लाखांची गाडी दारात शोभेला उभी राहील.

म्हणून असं कर. आजच विकणाऱ्याकडून आरसीच्या दोन्ही बाजू, पासिंगचा कागद, चेसिस आणि इंजिनवर ठोकलेल्या नंबरांचा फोटो, आणि सकाळी थंड गाडी सुरू करतानाचा व्हिडिओ मागव. कागद नीट असतील तर शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मंगळूरला जा. एका रात्रीचा प्रवास आहे. तिथला एखादा जुना फियाटवाला मिस्त्री दिवसाचे पैसे देऊन बरोबर घे आणि गाडी रॅम्पवर चढव. हा खर्च वाया गेला म्हणून रडू नको. आणि गेलास तर बोलीचा वरचा आकडा कागदावर लिहून मला पाठव. रविवारी रात्री त्याच्यापुढे बटण दाबायचं नाही, उरलेल्या मिनिटात कुणी कितीही चढवलं तरी.

त्याने गाडी दाखवायला टाळाटाळ केली तर विषय तिथेच सोड. अक्कलकोट रोडला एका शेडमध्ये पद्मिनी उभी आहे, असं मिस्त्री सांगत होता. रंग उडालाय, टायर बसलेत, मालक भावाला ताठ आहे, पण पासिंग चुकलेलं नाही म्हणे. बुधवारी मी आणि मिस्त्री चुंबक घेऊन जाणार आहोत. खालचे फोटो आधी पाठवतो, वरचे नंतर.

आई आशीर्वाद सांगते.

तुझे
आप्पा