आई, चूक सिरपची नव्हती, माझी होती

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांस सा. न.

आई, परवा स्वारगेटला एसटीच्या खिडकीतून तू ओवीला हात केलास, माझ्याकडे मात्र बघितलं नाहीस. बरोबरच होतं तुझं. रिपोर्ट हातात आल्याआल्या मी तोंडाला येईल ते बोलले.

ओवीचा टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा, ३ वरून १४ वर गेलेला बघितला आणि मला तिचे जन्मानंतरचे दिवस आठवले. टाचेतून घेतलेलं ते थेंबभर रक्त, नवव्या दिवशी सुरू झालेली थायरॉईडची गोळी. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूची वाढ थायरॉईडच्या हार्मोनवर चालते, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय. मला वाटलं, तू गोळी चुकवलीस.

काल डॉक्टरांनी विचारलं, "गोळीबरोबर आणखी काय देता?" तेव्हा ते गुलाबी सिरप आठवलं. ओवीचे पाय बाकदार दिसतात म्हणून बाबांनी आणलेलं, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व एकत्र असलेलं. तू गोळी चमच्यात पाण्याच्या दोन थेंबांत चुरून पाजायचीस आणि लगोलग त्याच चमच्यातून सिरप, म्हणजे पोरीचं रडणं एकदाच. पण कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला, म्हणजे गोळीतल्या हार्मोनला, धरून बसतं, ते रक्तात पुरेसं उतरतच नाही. दोन्हीत चार तास हवेत. लोहाच्या औषधाचंही तसंच. हे मला ठाऊक होतं, फ्रिजवर लिहून लावलं नाही, ते मीच.

डोस वाढवला नाही. वेळा बदलल्यात, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. मी म्हटलं, थोडी वाढवूनच द्या ना! ते म्हणाले, थायरॉईड कमी पडलं तर हाडांची झीज-भर दोन्ही मंदावतात आणि उंची खुंटते. जास्त झालं तर हाड भराभर झिजतं, रक्तात कॅल्शियम चढतं, आणि मग मूत्रपिंडं डी जीवनसत्त्वाला कामाचं रूप देणंच कमी करतात. मग वरून कितीही डी पाजा! मी गप्प बसले.

पाय मात्र ठीक आहेत. नुकतं चालायला लागलेल्या मुलांचे असे असतातच, बहुधा दोन वर्षांपर्यंत सरळ होतात. सिरप बंद केलंय, डीचे थेंब चालू आहेत.

बाबा, तुम्ही तिला सकाळी सातला गॅलरीत बंद काचेआड घेऊन बसायचात. बसा खुशाल, ती खूश असते. पण डी बनवणारे किरण काच अडवते, आणि कोवळ्या उन्हात ते असतातही जेमतेम. आणि तुमच्या गुडघ्यांसाठीची डीची ६०,००० युनिटची पुडी कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय. "चिमूटभर दुधात घालू का" हे पुन्हा विचारायचं नाही!

दिवाळीआधी या. येताना नाचणीचं सत्त्व आणा, डबा तळाला गेलाय. आई, गोळी सहाला, सत्त्व अकराला. कागद लावलाय फ्रिजवर, मोठ्या अक्षरात, तुझ्या चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

तुमची,
मनू