विहिरीत उतरणाऱ्या बायका पहिल्याच शॉटला नकोत

नाशिक,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

तुझ्या माहितीपटाचा ट्रेलर पाहिला, लॉगलाइनही, म्हणजे ती एका ओळीतली गोष्ट, वाचली. फोनवर नुसतं ‘भारी झालंय’ म्हणालो, कारण वहिनी शेजारीच होत्या. आता खरं काय ते लिहितो.

सुरुवातीला त्र्यंबक तालुक्यातल्या विहिरीत उतरणाऱ्या बायका, मग भेगाळलेली जमीन, वर बासरी. अरे, दर मे महिन्यात कुणाची तरी गाडी येते आणि हेच टिपून जाते. पॅनेलवरच्या कमिशनिंग एडिटरनं, म्हणजे चॅनेलसाठी फिल्म निवडणाऱ्या माणसानं, ही विहीर आधीच पाहिलेली असणार, फार तर देश वेगळा. त्या बायकांचं दुःख खोटं नाही. पण ही फिल्म तूच का करायची, याचं उत्तर त्यात नाही, आणि पिचिंगला, म्हणजे पैसे देणाऱ्यांपुढे फिल्म मांडताना, पहिला प्रश्न हमखास तोच येतो.

तुझी खरी फिल्म ट्रेलरच्या मध्यावर दडलीय. पहाटे गिरणाऱ्याला मजूर उभे आहेत आणि सुरगाण्याच्या टोळीची ती मुकादमबाई द्राक्षबागाईतदाराशी एकरी भावावरून हुज्जत घालतेय. काय बाई आहे! तो हिशेब सांगतो आणि ती मोबाइलवर त्याचाच हिशेब खोडून दाखवते. तिथे कुणाला कीव येत नाही, पुढे काय होणार याची उत्सुकता लागते. तिच्यापासून सुरू कर. ऑक्टोबर छाटणी, विरळणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), मग काढणी, आणि शेवटी कंटेनर रॉटरडॅमच्या वाटेला.

गंमत बघ, तू पैसे मागायला निघालास तोही नेदरलँड्समध्येच. इडफा या अ‍ॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवाचा बर्था फंड आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या दिग्दर्शकांना मदत करतो. तिथल्या दुकानांत फेब्रुवारी-मार्चमध्ये आपली द्राक्षं असतात. इडफाचा फोरम, जिथे तू पिचिंग करणार, तो मात्र नोव्हेंबरात, म्हणजे नेमकी द्राक्षं नसताना! तरी हे सांगच. ‘गरीब देशातली गोष्ट’ म्हणून ऐकणारा माणूस जरा सावरून बसेल.

विहीर काढून टाक असं नाही म्हणत. टोळी उन्हाळ्यात घरी परतते तेव्हा ती येऊ दे. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, पण पाणी नार-पार, दमणगंगेतून पश्चिमेला निघून जातं. दुसऱ्याच्या बागेला ड्रिपनं पाणी मिळतं आणि ती बाग राखणारीच्या घरी हंडा रिकामा. हे एवढं कळल्यावर विहिरीचा तोच शॉट वेगळा दिसेल.

पिचिंगच्या बाबतीत आपला गुरू त्र्यंबकचाच. फाळक्यांनी 1912 च्या सुमारास कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण करून रोप वाढताना दाखवलं आणि ते पाहून त्यांना फिल्मसाठी कर्ज मिळालं. भाषण नाही, आकडेवारी नाही. तुझ्या ट्रेलरमध्ये असं काहीतरी बदलताना दिसायला हवं. बहुतेक फोरममध्ये सात मिनिटंच मिळतात, त्यातली दोन-तीन ट्रेलर खातो. उरलेल्या वेळात बाईंशी ओळख कशी झाली आणि पुढच्या हंगामात काय शूट करणार, एवढंच बोल. टीव्हीसाठी 52 मिनिटांची आवृत्ती देणार का, हेही विचारतील. उत्तर तयार ठेव.

आणि ट्रेलर अ‍ॅमस्टरडॅमच्या आधी सुरगाण्यात दाखव. ‘खबर लहरिया’ हे बातमीपत्र चालवणाऱ्या बायकांवरची ‘रायटिंग विथ फायर’ 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली, आणि सोहळ्याच्या तोंडावर त्या बायकांनीच सांगितलं की यातलं आमचं काम अर्धवट आहे. फिल्म मला आवडली होती, तरी त्यांचं म्हणणं विसरता येत नाही. मुकादमबाई काय म्हणतात ते लिहून घे. रागावल्या तरी बिघडत नाही, ते फिल्ममध्येच घे.

बजेट चाळलं. ड्रोनला एवढे पैसे कशाला? त्याऐवजी शूटिंगपायी टोळीचा जो खाडा होईल त्याची मजुरी धर, ती ओळच नाहीये त्यात. नवा कट झाला की पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या