सोनू, डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय सोनू,

काल फोनवर तू चिडलास ते कळलं मला. चिडणारच ना, दोन दिवस रजा गेली, पैसे गेले, पाठीत सुई खाल्लीस आणि वर डोक्याच्या तपासणीचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. "आई तुझ्यामुळे उगाच गेलो" म्हणालास आणि मी गप्प बसले, कारण आजी समोरच बसली होती आणि तिच्यासमोर तो विषय आम्ही कुणीच काढत नाही. म्हणून लिहितेय. मोठं होईल पण सगळं वाच.

तू बोलता बोलता सांगितलंस की डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला मेंदूत रक्तस्राव झालाय का, आणि तू नाही म्हणालास. सोनू, झालाय. तुझ्या बापूमामाला. तुला माहीतच नाही कारण आम्ही सांगितलंच नाही, तू तिसरीत होतास, तुला म्हणालो मामाला ताप आला आणि तो डोक्यात गेला. मग तेच घरात चालू राहिलं. तू मोठा झालास तरी मी ते दुरुस्त केलं नाही आणि परवा तू डॉक्टरसमोर बसून नाही म्हणालास, तो नकार माझ्यामुळे गेला.

2009 ची भाऊबीज. बापू आदल्या रात्री आला होता, तुला आठवत असेल तर त्याने तुझ्यासाठी टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं. सकाळी अंघोळीला गेला आणि पाच मिनिटांत डोकं दोन्ही हातांनी धरून बाहेर आला, म्हणाला ताई, डोक्यात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखं झालं. हे त्याचे शब्द. हळूहळू चढलं नाही, एका क्षणात, तांब्या डोक्यावर ओतत होता आणि दुसरा तांब्या घ्यायच्या आत. मग उलटी झाली. मी काय म्हणाले असेन? पित्त झालंय, दोन दिवस फराळाचं तेलकट खातोयस. सुंठ उगाळून कपाळावर लावली, खोलीचे पडदे ओढले. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत दुखणं बरंच कमी झालं, मान तेवढी आखडली होती, ती आम्ही म्हटलं उशीमुळे. त्याने ओवाळून घेतलं, जेवला आणि दुसऱ्या दिवशी गेला पण घरी.

नऊ दिवसांनी गोठ्यात वैरण टाकताना कोसळला. मिरजेला नेलं, डोक्याचा सीटी स्कॅन काढला, मेंदूच्या रक्तवाहिनीला एका ठिकाणी फुगा आलेला आणि तो फुटलेला. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, याआधी अलीकडे कधी एकदम डोकं दुखलं होतं का याचं? मला उत्तर माहीत होतं. ते म्हणाले तेव्हा थोडं रक्त झिरपलं असणार, ती पहिली सूचना होती. चौथ्या दिवशी बापू गेला. छत्तीस वर्षांचा होता.

आता कळलं का, बुधवारी रात्री तू सहज म्हणालास "रविवारी जिममध्ये वजन उचलताना डोक्यात एकदम काहीतरी फुटल्यासारखं झालं, अर्धा तास राहिलं, आता ठीक आहे" तेव्हा मी का ओरडले. मला पुढचं काही ऐकूच येत नव्हतं. ठीक तर बापू पण झाला होता.

डोकं दुखणं म्हणजे काय हे मला काय तू सांगणार, माझी अर्धशिशी पंचवीस वर्षांची आहे. पण बघ, माझी अर्धशिशी येताना सांगून येते, आधी मान जड होते, मग एका बाजूला ठणका सुरू होतो, तास दोन तासांत वाढत जातो, उजेड नको, फोडणीचा वास नको, उलटी होते, कधी दिवसभर तर कधी तीन दिवस. भयंकर दुखतं, पण ते माझ्या ओळखीचं दुखणं आहे. तुझं तसं नव्हतं. किती दुखतंय यापेक्षा किती पटकन शिगेला पोचलं ते बघायचं. मिनिटभराच्या आत शून्यावरून "आयुष्यात असं कधी दुखलं नाही" इथपर्यंत गेलं तर ते पित्त नाही, चष्म्याचा नंबर नाही, झोप कमी झाली वगैरे काही नाही, ते दवाखान्यात जाऊन तपासेपर्यंत धोक्याचंच धरायचं. आणि कमी झालं म्हणून सोडायचं नाही, हे तर मी तुला हात जोडून सांगते.

तुझा राग त्या पाठीतल्या सुईवर जास्त आहे, डोक्याचा सीटी नॉर्मल आला तरी पाठीतलं पाणी कशाला काढलं म्हणून. मी पण शुक्रवारी आपल्या डॉक्टरांना हेच विचारलं, त्यांनी नीट समजावलं. रक्त झिरपलं असेल तर पहिल्या सहा तासांत काढलेल्या सीटीत ते जवळपास नक्की दिसतं, पण जसजसे दिवस जातात तसं ते पुसट होत जातं. तू रविवारचा माणूस गुरुवारी गेलास. चार दिवसांनी नुसत्या सीटीवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून मणक्यातलं पाणी बघतात, आत रक्त विरघळलं असेल तर त्या पाण्याला पिवळट झाक येते. तुझं पाणी स्वच्छ आलं आणि अँजिओत, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीत, फुगा पण दिसला नाही. हे "उगाच" नाही रे, हेच ऐकायला तर गेलो होतो आपण. रविवारीच तासाभरात गेला असतास तर कदाचित सुई टळली पण असती.

आणि आता उठून बसलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं म्हणतोस ना, ते सुईमुळे होतं कधी कधी, पाणी भरपूर पी, कॉफी घे, पडून राहा, आणि दोन तीन दिवसांत गेलं नाही तर त्यांनाच फोन कर, सहन करत बसू नकोस.

पण विषय संपला नाही आणि तू तो संपवून टाकलायस याचीच मला भीती वाटते. तुझ्या कागदावर लिहिलंय, दोन आठवड्यांनी परत अँजिओ. तुला वाटतं पैसे काढायचे धंदे. मी विचारून घेतलंय, मेंदूच्या रक्तवाहिन्या अधूनमधून आकुंचन पावतात, आवळल्या जातात, असा एक प्रकार असतो, त्यात असंच वीज पडल्यासारखं डोकं दुखतं, आणि एकदा नाही तर आठवड्या दोन आठवड्यांत परत परत येतं, आणि सुरुवातीच्या तपासणीत काहीच दिसत नाही, नंतर दिसतं. बहुतेकांचं दोन तीन महिन्यांत आपोआप सुटतं पण काहींना त्यात पक्षाघाताचा झटका येऊ शकतो म्हणून लक्ष ठेवावं लागतं. नुसतं जोर केल्याने दुखलं असेल असं पण असू शकतं, पण ते बाकी सगळं नाही हे नक्की झाल्यावर म्हणायचं. तोवर जिम बंद. ती जिमच्या आधी प्यायची पावडर कचऱ्यात टाक. आणि सर्दी झाली की तू मेडिकलमधून नाक मोकळं करायच्या गोळ्या आणतोस त्या पण नकोत, त्याने रक्तवाहिन्या आवळतात. सिगारेटचं मला माहीत आहे, बाल्कनीतला वास लपत नाही. बापूला बिडी होती आणि बीपी होतं, त्याने बीपी कधी मोजलंच नव्हतं. तू मोजून घे.

समजा परत आलं, रात्री दोनला आलं, घरचं कुणी जवळ नाही. तर दाराची कडी आधी काढून ठेव आणि रूममेटला उठव, तो वैतागला तर वैतागू दे. किती वाजता आलं ते मोबाईलवर टाईप कर, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. १०८ ला फोन कर किंवा कुणाच्या तरी गाडीने जा, स्वतः बाईक काढायची नाही, रस्त्यात शुद्ध गेली तर? अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन काही घ्यायचं नाही, रक्त झिरपत असेल तर अजून वाहील. छोट्या क्लिनिकमध्ये नको, जिथे चोवीस तास सीटी आहे तिथेच, आणि दारात सांग "एका मिनिटात आलं, आयुष्यातलं सगळ्यात जास्त". नुसतं डोकं दुखतंय म्हणालास तर बाकावर बसवून ठेवतील. बरोबर ताप आणि मान ताठ, दोन दोन दिसणं, तोंड वाकडं, हातापायातली ताकद जाणं, जीभ जड होणं, फिट, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही असेल तर डोकं थोडंच दुखत असलं तरी निघायचं.

एक राहिलं. सलूनमध्ये मालिशनंतर तो मान कडकडा मोडतो ना, ते बंद. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते त्याने. तुझ्या ताईला पण मी आता सगळं सांगणार आहे, पुढच्या महिन्यात तिचं बाळंतपण, आणि आपल्याकडे बाळंतिणीचं डोकं दुखलं की वारं लागलं म्हणतात आणि कान बांधून ठेवतात. मेंदूतल्या शिरेत गुठळी होते कधी कधी त्या दिवसांत. मी तिचे कान बांधेन, पण डोकं वेगळं दुखलं तर गाडी आधी काढायची.

घाबरवायचं नाहीये तुला. डॉक्टर म्हणाले एका मामाला होतं म्हणून भाच्याला असेलच असं अजिबात नाही, पण तपासणाऱ्याला माहीत पाहिजे. म्हणजे रोज डोकं चेपत बसून गोळ्या खायच्या असंही नाही, मी ते केलंय, वर्षभर जवळजवळ रोज एक गोळी घ्यायचे आणि शेवटी गोळीमुळेच रोज डोकं दुखायला लागलं, सोडताना फार हाल झाले. महिन्यातून आठ दहा दिवसांच्या वर गोळी लागायला लागली की गोळी वाढवायची नाही, डॉक्टर गाठायचा.

अँजिओच्या दिवशी मी येतेय, आदल्या संध्याकाळी स्वारगेटला उतरेन, नको म्हणू नकोस. बापूचे मिरजेचे कागद आजीच्या ट्रंकेत आहेत, तिला विचारून काढते आज. सोळा सतरा वर्षांत मी ती पिशवी उघडली नाही. ते कागद डॉक्टरांना दाखवू, आणि त्यांनी परत तोच प्रश्न विचारला की उत्तर मी देईन.

जेवण वेळेवर कर. हे वाचलंस की मेसेज कर, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझी,
आई