कसब्यात मत फिरले की मतदार आले?

संपादक महोदय,

पुण्यातल्या कसबा पेठ मतदारसंघाविषयी लिहिताना ‘बालेकिल्ला ढासळला’ किंवा ‘बालेकिल्ला परत मिळवला’ असे ठरलेले दोन मथळे वापरले जातात. आकडे वेगळेच सांगतात. २६ फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत मतदान जेमतेम ५० टक्के झाले. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांना ७३ हजारांवर, तर भाजपचे हेमंत रासने यांना ६२ हजारांवर मते पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. मतदान साठ टक्क्यांच्या जवळ गेले, रासने ९० हजारांवर पोचले आणि धंगेकर ७० हजारांवर राहिले. म्हणजे धंगेकरांची मते अडीच-तीन हजारांनीच घटली, रासनेंची मात्र सत्तावीस-अठ्ठावीस हजारांनी वाढली, तीही मनसेचा उमेदवार रिंगणात असताना. कोणी इकडून तिकडे गेलेच नाही, असे यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ‘पेठांनी मत बदलले’ यापेक्षा ‘पोटनिवडणुकीला घरी बसलेले विधानसभेला बाहेर पडले’ हे उत्तर आकड्यांशी जास्त जुळते.

हे केंद्रवार तपासता येते. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना २० असतो. प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली आणि ‘नोटा’ किती, ते त्यात दिसते. त्यात मतदार यादीतली नावे किती हे सापडत नाही. ते यादीच्या त्या भागाच्या, म्हणजे त्या केंद्राच्या यादीच्या, पहिल्या पानावर असते. दोन निवडणुकांची तुलना करताना केंद्राचा क्रमांक धरू नका, पत्ता आणि भागातल्या गल्ल्या धरा. केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात आणि भलत्याच आळीचा कल आपल्या नावावर लागतो. टपाली मते तक्त्यात शेवटी वेगळी असतात, ती कुठल्याच केंद्रात मिसळू नयेत.

खरी गोम टक्केवारीच्या छेदात आहे. समजा, एका केंद्रावर १,२०० नावे आहेत आणि ६०० जणांनी मत दिले, म्हणजे ५० टक्के. त्या १,२०० पैकी १८० जण मयत किंवा स्थलांतरित असतील, तर प्रत्यक्षात १,०२० पैकी ६०० आले. मतदान ५९ टक्क्यांच्या घरात जाते. पेठांत वाडे पडले, कुटुंबे धायरी, सिंहगड रस्ता, वारजे अशी पांगली. नावे मात्र जुन्या वाड्याच्याच पत्त्यावर राहिली. मग त्या आळीला ‘उदासीन’ म्हणून आपण मोकळे होतो. याच केंद्रावर एखाद्याला ३३० मते पडली की तो ‘५५ टक्क्यांचा गड’ ठरतो. यादीच्या हिशेबाने ती २७.५ टक्के भरतात.

नाव हलवताना हमखास होणारी चूक म्हणजे नव्या पत्त्यावर सहा नंबरचा फॉर्म भरणे. तो नव्या मतदारासाठी असतो. पत्ता बदलला की आठ नंबरचा, मग मतदारसंघ तोच असो वा दुसरा. सहा नंबर भरला की जुने नाव तसेच राहते आणि माणूस दोन याद्यांत दिसतो. त्यात खोटे निवेदन केल्याचे ठरले तर वर्षभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. मयताचे नाव काढायला सात नंबर. सोबत मृत्यूचा दाखला जोडला तर काम अडत नाही. नाव घालण्याचा किंवा हलवण्याचा फॉर्म उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी पोचला पाहिजे. मतदानाच्या सकाळी केंद्राबाहेर बीएलओशी (यादीचे काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याशी) भांडून नाव चढत नाही.

महापालिकेच्या वेळी तर आणखी उशीर झालेला असतो. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादीच प्रभागांत फोडून वापरली गेली. त्या टप्प्यावर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेले नाव परत आणता येते, मुळात नसलेले नाव घालता येत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती. निकालानंतर ‘कोणता भाग कोणाचा’ असे रंगीत नकाशे छापताना प्रत्येक केंद्राखाली यादीतली एकूण नावे आणि पडलेली मते हे दोन आकडेही द्यावेत. आणि असे नकाशे निकालानंतर छापता तसे मयत व स्थलांतरितांच्या नोंदींविषयी निवडणुकीच्या सहा महिने आधी छापावे. फॉर्म भरायला तेव्हाच वेळ असतो.

– मतदार यादीचे काम केलेला एक निवृत्त शिक्षक, पुणे