ईएससी घेताना नुसते अँपिअर पाहू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रिमोटवर धावणाऱ्या मॉडेल गाड्यांवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण चौकटीत ‘ईएससी जास्तीत जास्त अँपिअरचा घ्यावा’ असं एका ओळीत उरकलंय. ईएससी म्हणजे मोटारीचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. त्या ओळीवर पैसे खर्च करणारी लेकरं माझ्याकडे येतात, म्हणून लिहितो.

परभणी जिल्ह्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी भरणं हा धंदा. हल्ली इंजिनिअरिंगची पोरं खिशातून काडेपेटीएवढा जळका कंट्रोलर काढतात आणि म्हणतात, “काका, एवढं भरून द्या.” भरायला त्यात तार नसतेच, मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे भाग, उडालेले असतात. मग मी विचारतो, मोटार कोणती, बॅटरी किती सेलची? उत्तर येतं, “कंट्रोलर तीस अँपिअरचा होता.”

बहुतेक वेळा तो गाडीचा नसतोच, विमानाचा किंवा ड्रोनचा असतो. २२१२ आकाराच्या छोट्या मोटारीबरोबर जोडीने मिळतो आणि स्वस्त पडतो. तो पंख्यासाठी बनवलेला. पंखा फिरला की त्याचाच वारा कंट्रोलरला गार करतो, आणि पंख्यावरचा भार वेगाबरोबर हळूहळू चढतो. गाडीचं उलटं आहे. उभी गाडी हलवतानाच करंटचा झटका सगळ्यात मोठा, आणि बॉडीखाली वारा कसला? शिवाय विमानाच्या कंट्रोलरला सहसा रिव्हर्स नसतो, गाडीला लागतो तसा ब्रेकही नसतो. पोरं रिव्हर्ससाठी रिमोटशी झटत बसतात.

माझ्या मते कंट्रोलर सगळ्यात शेवटी निवडावा. आधी मोटार बघा. दोन तारांची असेल तर ब्रश्ड, तीन जाड तारांची असेल तर ब्रशलेस. एकीचा कंट्रोलर दुसरीला लावून मोटार चालेल असं धरू नये. ब्रश्ड मोटारीवर टर्न, म्हणजे तारेचे वेढे, लिहिलेले असतात. वेढे कमी आणि तार जाड, म्हणजे वेग जास्त अन् करंटही जास्त, हे वाइंडिंगवाल्याला सांगावं लागत नाही. म्हणून चांगल्या कंट्रोलरच्या माहितीपत्रकात टर्नची मर्यादा दिलेली असते. हॉबीविंग कंपनीचा ब्रश्ड मोटारीचा कंट्रोलर, क्विकरन १०६०, याचंच उदाहरण घ्या. ५४० आकाराच्या मोटारीला दोन सेलवर किमान १२ टर्न, तीन सेलवर किमान १८ टर्न. कंट्रोलर तोच, एक सेल वाढला की अट बदलली. नुसत्या ‘६० अँपिअर’वरून हे कसं कळणार?

ब्रशलेसमध्ये केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, दर व्होल्टमागे मिनिटाला बिनभाराचे फेरे. ३३०० केव्हीची मोटार ७.४ व्होल्टवर चोवीस हजारांच्या वर जाते, ११.१ व्होल्टवर छत्तीस हजारांच्या वर. ब्रशलेसच्या तीन तारा आमच्या थ्री-फेज पंपासारख्याच, कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की फेरा उलटा. मात्र आतला भाग कुठे फिरलाय हे कंट्रोलरला कळवणारी सेन्सरची मोटार असेल तर हा खेळ करू नये, तिथे ए-बी-सी जुळवूनच जोडावं लागतं. सेन्सरचा खर्च वेगापेक्षा हळू चालवायला जास्त कामी येतो, गाडी सुरू होताना अडखळत नाही. दगडाधोंड्यांत चालवणाऱ्याने तो जरूर करावा.

व्होल्टच्या बाबतीत मात्र अजिबात सूट नाही. तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) ११.१ व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण चार्जला ती १२.६ दाखवते. दोनच सेलपर्यंतच्या कंट्रोलरला ती लावली तर अँपिअर कितीही असोत, कंट्रोलर जळू शकतो. बॅटरी फार उतरू नये म्हणून कंट्रोलर मोटार थांबवतो, तो कट-ऑफ लायपोसाठी लायपोवरच ठेवा. काही साध्या कंट्रोलरवर त्यासाठी छोटा जंपर असतो आणि तो निकेलच्या बॅटरीवर राहून जातो. मग सेल तीन व्होल्टच्या खाली उतरतो, पॅक फुगतो, आणि दोष चार्जरला दिला जातो!

अँपिअर बिनकामाचे आहेत असं नाही. पण स्टिकरवरचा मोठा आकडा कित्येकदा क्षणापुरत्या करंटचा असतो. सतत किती चालेल, तो आकडा शोधा आणि त्यातही हात राखून घ्या, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो आणि ती मापं कंपनीने आपल्या मोंढ्यात उभं राहून घेतलेली नाहीत. पावसाळ्यात काळी माती चाकांना अशी धरते की मोटार जवळजवळ जाम होते, तेव्हाही करंट चढतो. अशा वेळी महागडा कंट्रोलर घेण्याआधी मोटारीवरचं पिनियन (दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) एक-दोन दात लहान करून बघा. वेग थोडा जाईल, मोटार आणि कंट्रोलर दोन्ही गार राहतील. आमच्या गिऱ्हाइकांना हा सल्ला आवडत नाही, त्यांना टॉप स्पीड पाहिजे असतो.

आता विनंती. पुढे असा लेख आला तर चौकटीत अँपिअरबरोबर सेलची संख्या, टर्न किंवा केव्हीची मर्यादा आणि रिव्हर्स आहे की नाही, एवढ्या गोष्टी छापा. ऑनलाइन माल विकणाऱ्यांनीही ‘हा विमानाचा आहे’ असं मराठीत ठळक लिहावं. पोरांचे सातआठशे रुपये वाचतील, आणि माझ्या टेबलावर जळक्या बोर्डांचा जो ढीग पडलाय तो वाढायचा थांबेल.

आपला नियमित वाचक,
एक मोटार वाइंडिंगवाला, जिंतूर (जि. परभणी)